प्रायमर कुठला घेऊ?

गेल्या गणपतीत मंडळाच्या जेवणाच्या रांगेत एका तरुणाने मला गाठलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "ताई, प्रायमर कुठला घेऊ?" पुढे उभ्या असलेल्या काकू लगेच वळल्या. "भिंतींना ना रे? आमच्या पेंटरचा नंबर देते, चांगला माणूस आहे." पोरगा लाजला. मी उसळीची वाटी सांभाळत हसून घेतलं आणि त्याला म्हटलं, सांगते, पण इथे नको.

मिनेसोटात राहून रायफलची नेमबाजी करणारी आणि स्वतःची काडतुसं स्वतः भरणारी मराठी बाई म्हणून माझी थोडी कुप्रसिद्धी आहे. "घरात आठ पौंड दारू आहे" असं मी एकदा भर हळदीकुंकवात बोलून गेले होते, त्याची आठवण अजून काढली जाते. हा प्रश्न वर्षातून चार-पाच जण तरी विचारतात. तेव्हा एकदाच सविस्तर.

आधी ज्यांना यातलं काहीच ठाऊक नाही त्यांच्यासाठी. रायफलचं काडतूस म्हणजे चार वस्तू : पितळेची पुंगळी, आत पावडर, तोंडाशी गोळी आणि बुडाच्या मधोमध बसवलेला प्रायमर. बार झाला की पितळ तेवढं शाबूत उरतं. ते साफ करून, मापात आणून, नवा प्रायमर, मोजलेली पावडर आणि नवी गोळी बसवली की पुन्हा काडतूस तयार. अमेरिकेत हा तळघरात बसून करायचा छंद आहे, लोणची घालण्याइतका उघड. भारतात तसं नाही. १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे दारूगोळा बनवायला परवाना लागतो, म्हणून पुण्या-मुंबईच्या वाचकांनी हे वाचनापुरतंच ठेवावं.

प्रायमर म्हणजे काय, हे मी मराठी माणसाला एका शब्दात सांगते : टिकली. दिवाळीत दगडावर ठेवून हातोडीने फोडायचो ती. बंदुकीतली फायरिंग पिन (चाप ओढला की प्रायमरवर आपटते ती) ही हातोडी, आत बसवलेला पत्र्याचा बारीक तुकडा हा दगड (त्याला अॅन्व्हिल म्हणजे ऐरणच म्हणतात) आणि दोघांच्या मध्ये चिमूटभरही नसलेलं मिश्रण. ते चिरडलं की ठिणगी पुंगळीच्या छिद्रातून पावडरीत जाते. टिकलीत असतात तशा यातही तऱ्हा आहेत. काही टिकल्या नुसतं बोट जोरात घासलं तरी तडकायच्या, काहींना दोनदा ठोकावं लागायचं. अख्खा प्रश्न तिथेच आहे.

मी खडकीत वाढले. बाबा अॅम्युनिशन फॅक्टरीत होते. ही फॅक्टरी १८६९ची, म्हणजे मधोमध प्रायमर असलेल्या धातूच्या काडतुसाइतकीच जवळजवळ जुनी. कामाबद्दल ते घरी एक अक्षर बोलत नसत. पण आमच्या टिकल्यांची अख्खी गुंडाळी एकदम ठोकायला निघालेल्या माझ्या भावाच्या हातातून त्यांनी हातोडी अशी हिसकावली होती की तो आवाज मला अजून ऐकू येतो. एक टिकली म्हणजे गंमत, शंभर एकत्र म्हणजे गंमत नाही. हे वाक्य त्यांनी तेव्हा म्हटलं आणि मी ते आता रीलोडिंग, म्हणजे काडतुसं पुन्हा भरणं, शिकायला आलेल्या प्रत्येकाला ऐकवते. प्रायमर कंपनीच्या खोक्यातच ठेवायचे. काचेच्या बरणीत ओतून ठेवलेले हजार प्रायमर दिसायला छान दिसतात, पण एक फुटला तर बाकीचे त्याच्या पाठोपाठ फुटतात आणि वर काचा.

सगळे प्रायमर एकाच पद्धतीचे नसतात, आणि त्याची गोष्ट मजेदार आहे. १८६६च्या सुमारास दोन माणसांनी दोन पद्धती काढल्या. इंग्लंडच्या वुलिच इथल्या एडवर्ड बॉक्सरने ऐरण प्रायमरच्या आत घातली आणि पुंगळीला मधोमध एकच छिद्र ठेवलं. अमेरिकेच्या हायरम बर्डनने ऐरण पुंगळीतच घडवली आणि तिच्या दोन बाजूंना दोन बारीक छिद्रं पाडली. पुढे झालं उलटंच. इंग्रजाची पद्धत अमेरिकेने उचलली आणि अमेरिकनाची युरोपातल्या बऱ्याच लष्करांनी. घरी भरणाऱ्यांना बॉक्सर सोयीचा, कारण मधल्या छिद्रातून पिन घातली की जुना प्रायमर टप्पकन खाली पडतो. बर्डनची पुंगळी प्रेसमध्ये (काडतुसं भरायच्या यंत्रात) घातलीत तर पिन वाकेल नाहीतर मोडेल. रेंजवर वेचलेली फुकटची पितळं घरी आणण्याआधी आत टॉर्च मारून छिद्रं किती ते बघा.

आता "कुठला". लोकांना माझ्याकडून कंपनीचं नाव हवं असतं. मी उलट विचारते : रायफल कुठली, पुंगळी कुठली आणि मॅन्युअलमध्ये, म्हणजे भरायच्या मापांच्या पुस्तकात, काय लिहिलंय? या तिघांनी उत्तर दिलं की माझ्यासाठी फारसं काही उरत नाही.

रायफलच्या नेहमीच्या प्रायमरची मापं दोनच. लहान प्रायमर साधारण ४.४ मिलिमीटर रुंद, मोठा ५.३. टू-टू-थ्रीला लहान, थर्टी-ऑट-सिक्सला मोठा (ही काडतुसांची नावं), इतकं सोपं असायला हवं होतं. पण ६.५ क्रीडमोर आणि थ्री-ओ-एट या दोन्ही काडतुसांच्या पुंगळ्या दोन्ही मापांच्या पॉकेटच्या (प्रायमर बसायच्या खाचेच्या) मिळतात. हॉर्नडी कंपनीची क्रीडमोर सहसा मोठ्या प्रायमरची, लापुआ कंपनीची लहान. बाहेरून बघाल तर जुळ्या बहिणी. मी एकदा दोन्ही एकाच डब्यात टाकल्या होत्या. रात्री दहाला, एका हाताने प्रायमर बसवत चालले होते. नीट बसणाऱ्या प्रायमरचा एक स्पर्श असतो, फ्रॉकचं टिचबटण दाबल्यासारखा : किंचित अडतो, सरकतो, तळाला टेकतो. एक टेकेना. हात आपोआप जोर लावायला निघाला आणि तिथेच थांबला. उलटून बघते तर लहान पॉकेटच्या तोंडावर मोठा प्रायमर तिरपा चढून बसलेला, कडेचं पितळ मुडपलेलं. अजून थोडं दाबलं असतं तर काय, ते मला प्रयोग करून बघायचं नाही. त्या दिवसापासून दोन डबे, दोन रंगांची झाकणं, आणि चष्मा डोळ्यांवर, डोक्यावर नाही.

लहान रायफल प्रायमर आणि लहान पिस्तूल प्रायमर एकाच मापाचे असतात, म्हणून पिस्तुलाचे पडलेले रायफलीत घालून टाकू असा मोह होतो. करू नका. फरक कपाच्या, म्हणजे प्रायमरच्या बाहेरच्या वाटीच्या, पत्र्याच्या जाडीत आहे. रायफलीत दाब कितीतरी जास्त, पातळ पत्रा फाटतो आणि तप्त वायू फायरिंग पिनच्या भोकातून मागे येतो. रायफलच्या प्रायमरांतही हा भेद आहे. रेमिंग्टन कंपनीच्या प्रायमरांच्या क्रमांकांना मराठीत काय सुरेख नावं आहेत : साडेसहा, साडेसात, साडेनऊ. साडेसहा हा बिचारा टू-टू हॉर्नेटसारख्या मवाळ काडतुसांसाठीचा, पातळ कपाचा. टू-टू-थ्रीच्या दाबाला तो चालत नाही, असं कंपनीच सांगते. तिथे साडेसात लागतो. या एका बाबतीत साडेसाती मागे लागलेली बरी.

यानंतर बंदुकीची जात. बोल्ट अॅक्शनवाल्यांनी (बोल्ट म्हणजे काडतूस आत ढकलणारा दांडा, तो दर बारानंतर हाताने ओढावा लागतो ती रायफल) या परिच्छेदातलं शेवटचं वाक्य तेवढं वाचलं तरी चालेल. एआर-१५ आणि दुसऱ्या महायुद्धातली एम-१ गॅरंड या अर्धस्वयंचलित (बार झाला की पुढचं काडतूस स्वतःच भरून घेणाऱ्या) रायफलींत फायरिंग पिनला मागे खेचून धरणारी स्प्रिंग नसते. बोल्ट धाडकन पुढे येऊन थांबतो, पिन मात्र आपल्याच वेगाच्या झोकात थोडी पुढे सरकतेच आणि प्रायमरला हलकी टिचकी मारते. गॅरंडमधून न झाडलेलं काडतूस काढून बघा, बुडावर बारीक ठिपका दिसेल. मऊ कपाचा, हुळहुळा प्रायमर असेल किंवा नीट खोल न बसलेला असेल, तर त्या टिचकीने चापाला हात न लावता बार होऊ शकतो. सीसीआय कंपनीचे ३४ (मोठा) आणि ४१ (लहान) हे जरा दणकट प्रायमर यासाठीच आहेत. फेडरल कंपनीचे त्यामानाने मऊ. आमच्या शेजारच्या अनोका गावात बनतात, म्हणून माझा त्यांच्यावर गावकीचा जीव आहे, तरी गॅरंडमध्ये मी ते घालत नाही. बोल्ट अॅक्शनमध्ये, विशेषतः चाप हलका आणि स्प्रिंग म्हातारी असेल तर, हाच मऊपणा वरदान.

कुठलाही असो, बसवल्यावर बुडावरून नख फिरवायचं. प्रायमर बुडाच्या पातळीपेक्षा केसभर खाली हवा. नख अडखळलं तर ते काडतूस बाजूला.

मॅग्नमबद्दल फार गैरसमज आहेत. मॅग्नम प्रायमर म्हणजे गोळी जोरात जाणार असं नव्हे. त्याची ज्योत मोठी आणि लांब. पुंगळीत पावडर खूप असेल, ती दाण्यादाण्याची, पेटायला हट्टी असेल, किंवा थंडी असेल, तर उपयोग. फेडरलचा २१५ हा मॅग्नम मुळात वेदरबी कंपनीच्या अवाढव्य पुंगळ्यांसाठी निघाला. थंडीचा धडा मला इथे मिळाला. जानेवारी, उणे वीस सेल्सियस, बॉल पावडर (गोल दाण्यांची), साधा प्रायमर. चाप ओढला आणि नुसतं "टक्". मी हलले नाही. नळी लक्ष्याकडेच. एक निमिष गेलं आणि मग धाड! याला हँगफायर म्हणतात. "टक्" ऐकून लगेच बोल्ट उघडला असता तर तो बार माझ्या तोंडाशी झाला असता. तीस सेकंद थांबायचं, ही पाठांतराची गोष्ट तेव्हा पहिल्यांदा हाडात शिरली. त्यानंतर हिवाळ्यासाठी मी मॅग्नम घेतले, पण पावडरचं माप तेच ठेवून नुसता प्रायमर बदलला असं केलं नाही. प्रायमर बदलला की दाब बदलतो. मॅन्युअलमधल्या सुरुवातीच्या मापावर परत जायचं आणि तिथून थोडंथोडं चढायचं. कंपनी बदलली तरी तेच.

मॅच, म्हणजे स्पर्धेसाठीचे, प्रायमर घ्यावेत का? घ्या, खिशात पैसे असतील तर. मी फेडरलचा साधा २१० आणि मॅच २१०एम वेग मोजायच्या यंत्रावर दहा-दहा गोळ्या झाडून, कुणाचा वेग जास्त एकसारखा राहतो ते, ताडून बघितले आहेत. पहिल्या खेपेला एम जिंकला, दुसऱ्या खेपेला साधा. याचा अर्थ मला एवढाच कळला की दहा गोळ्यांवरून काही ठरत नाही आणि माझा श्वास हा दोन्ही प्रायमरांपेक्षा जास्त बेभरवशाचा आहे. हजार यार्डांवर झोपून मारणाऱ्यांना फरक पडत असेल. शंभरावर मारणाऱ्याने ते पैसे सरावात घालावेत.

मिळण्याबद्दल. २०२०च्या साथीत प्रायमर दुकानांतून नाहीसे झाले. मी हजाराला पस्तीसेक डॉलर देत असे, ते शंभराच्या वर गेले, तेही मिळाले तर. लोक ब्रँडबद्दल भांडायचे थांबले आणि खोक्यावर "रायफल" लिहिलंय का तेवढं बघू लागले. तेव्हापासून मी एका लॉटचे (एकाच खेपेत बनलेले) दोन-तीन हजार एकदम घेते, कारण कुरिअरने मागवले तर धोकादायक मालाचा वेगळा आकार लागतो, तो हजारावर घ्या की पाच हजारांवर, तेवढाच. घरात दहा हजारांच्या वर मात्र साठवू नये. अग्निसुरक्षेचा संकेत तसा आहे. आणि ब्रँडच्या भक्तांना एक चिमटा : सीसीआय, फेडरल आणि रेमिंग्टन यांच्या काडतुसांचा धंदा आज एकाच झेक समूहाच्या मालकीचा आहे.

एक गोष्ट नवे लोक विसरतात. मिश्रणात शिसं असतं. जुने प्रायमर काढल्यावर खाली जी काळी भुकटी जमते तीही त्याचीच. प्रायमर बसवताना चहा-चिवडा जवळ नको, आणि नंतर हात साबणाने. प्रायमरचा ट्रे हलवून सगळे एका बाजूला पालथे करायचे असतात, ते मला सुपात तांदूळ पाखडल्यासारखं वाटतं आणि त्या नादात हात तोंडाशी जातो. माझा गेला आहे.

तर तो पोरगा. रायफल ६.५ क्रीडमोर आहे, एवढं त्याला ठाऊक होतं. पुंगळी? "ताई, चांगली आहे, महाग होती." मी म्हटलं, बुडाचा फोटो पाठव. दोन दिवसांनी आला : लापुआ. म्हणजे लहान पॉकेट, आणि मधलं छिद्रही नेहमीपेक्षा बारीक, दीड मिलिमीटर, त्याला बारीक पिन वेगळी घ्यावी लागते. खाली त्याने विचारलं होतं, "मी सेलमध्ये मोठे मॅग्नम हजार घेऊन ठेवलेत, चालतील ना?"

पुढच्या रविवारी आला. मी त्याला सीसीआय ४५०, म्हणजे लहान मॅग्नम, दिले आणि त्याचे मोठे ठेवून घेतले, माझ्या थर्टी-ऑट-सिक्सला हिवाळ्यात लागतातच. निघताना त्याने खोकं खिशात टाकलं आणि जिन्यावर थांबून विचारलं, "ताई, आणि पावडर कुठली घेऊ?"