आमची वाटचाल : डार्करूमपासून डीआर पॅनेलपर्यंत

सुरुवात फिल्म आणि केमिकलच्या पुरवठ्याने झाली. मिरज-सांगली भागातल्या एक्स-रे क्लिनिकना डेव्हलपर, फिक्सर, हँगर आणि ८ बाय १० पासून १४ बाय १७ पर्यंतच्या फिल्म. डेव्हलपरला २० अंश तापमान आणि सुमारे ५ मिनिटं लागतात. मे महिन्यात टाकी तापली की फिल्मवर करडा फॉग यायचा. बर्फ थेट टाकीत टाकला तर केमिकल पातळ होतं, म्हणून तो बाहेरच्या पाण्यात ठेवायचा, हे प्रत्येक नव्या टेक्निशियनला सांगावं लागे.

सीआर आलं, म्हणजे फिल्मऐवजी कॅसेटमधल्या प्लेटवर फोटो घेऊन तो रीडर मशीनने वाचायची पद्धत, आणि आम्ही सर्व्हिसिंगकडे वळलो. त्यातल्या बहुतेक तक्रारी धुळीच्या. पांढरा ठिपका एकाच कॅसेटच्या फोटोत दिसला, तर प्लेट पुसायची. सगळ्याच कॅसेटमध्ये एकाच जागी सरळ पांढरी रेघ आली, तर धूळ रीडरच्या लाइट गाइडवर, म्हणजे प्लेटमधला प्रकाश गोळा करणाऱ्या भागावर असते; मग प्लेटा पुसून काही होत नाही. दिवसभर पडून राहिलेली प्लेट वापरण्याआधी इरेज करायची, कारण ती भोवतालचं रेडिएशनही टिपत राहते.

आता मुख्य काम डीआरचं, म्हणजे पॅनेलवरून फोटो थेट कॉम्प्युटरवर येतो त्या पद्धतीचं. पॅनेल हातातून पडलं की खर्च मोठा, हे सगळ्यांना कळतं. रेडिएशनच्या डोसचं मात्र लक्षात येत नाही. फिल्म जास्त एक्स्पोज झाली की काळी पडायची, चूक तिथल्या तिथे दिसायची. डिजिटलमध्ये कमी डोसचा फोटो रवाळ येतो, जास्तीचा छान गुळगुळीत. डॉक्टर खूश आणि एमएएस (ट्यूबचा करंट गुणिले वेळ, म्हणजे रेडिएशनचं प्रमाण) हळूहळू चढत जातो. म्हणून व्हिजिटला आम्ही आधी एक्स्पोजर इंडेक्स, म्हणजे पॅनेल किंवा प्लेटवर किती डोस पोहोचला ते सांगणारा आकडा, बघतो. इथे कंपनीगणिक उलटंसुलटं आहे : फुजीचा एस-नंबर डोस वाढला की उतरतो, केअरस्ट्रीमचा इंडेक्स चढतो. नव्या मशीनवर डीआय (डेव्हिएशन इंडेक्स, ठरलेल्या डोसपासूनचा फरक) असतो; शून्य म्हणजे बरोबर, अधिक ३ म्हणजे जवळपास दुप्पट डोस.

छातीच्या फोटोत हृदय मोठं दिसतंय म्हणून पॅनेलवर खापर फुटतं. ट्यूब ६ फुटांवर होती का, व्ह्यू पीए (किरण पाठीकडून) होता की बेडवरचा एपी (किरण छातीकडून), हे आधी विचारतो. एपीत हृदय पॅनेलपासून लांब राहतं, म्हणून मोठं उमटतं.

कोटेशनआधी थ्री-फेज लाइन आणि अर्थिंग मोजतो. एक्स्पोजरच्या क्षणी व्होल्टेज कोसळत असेल, तर आधी वायरमन बोलवा, मशीन नंतर. एईआरबीचं (अणुऊर्जा नियामक मंडळाचं) लायसन्स आणि स्टाफचे रेडिएशन मोजणारे टीएलडी बॅज यांची तयारी ऑर्डरबरोबरच सुरू करून घेतो. सोनोग्राफी मशीन आम्ही विकत नाही. पीसीपीएनडीटीची (गर्भलिंग निदानाला बंदी घालणाऱ्या कायद्याची) कागदपत्रं सांभाळायला वेगळा माणूस लागतो.