पायांकडे बघा

आज सकाळी नागपूरच्या सेमिनरी हिल्सच्या वडावर हरियाल, म्हणजे हिरवी कबुतरं, मोजले. तेवीस! पानांत असे मिसळतात की फळं टपटपायला लागली तरच वर नजर जाते. पिवळेधमक पाय, खांद्यावर जांभळट डाग. नर-मादी जवळपास सारखेच.

डिसेंबरात मावशीकडे चिपळूणला उंबरावर असाच हिरवा थवा दिसला. मी लगेच 'हरियाल' म्हणालो. दुर्बिणीतून पाहिलं तर पाय लाल! ही राखी कपाळाची हरोळी, सह्याद्रीतली. आकारानं लहान, आणि नराची पाठ गडद किरमिजी. मादीला तो रंग नाही, म्हणून तिथं पायच बघावे लागतात. शीळ मात्र दोघांचीही मधुर. मला आमच्या हरियालाचीच जास्त आवडते. महाराष्ट्राचा राज्यपक्षी आपल्या नागपुरात सकाळी फिरताना भेटतो, याचं मला फार अप्रूप आहे.