शिट्टी, भीती आणि यहोशाफाटाचे न्यायाधीश

मी हौसेने फुटबॉलचा रेफरी आहे. मागच्या नोंदीत त्यासाठीच्या सरावातल्या दमसास आणि धावण्याबद्दल लिहिलं होतं. ते ठीक चाललंय, त्यात नवीन काही नाही. या टप्प्यात एकच गोष्ट धरून बसलोय. शिट्टी ओठांत आहे, पण अजून वाजलेली नाही, त्या क्षणी मनात कोण उभं असतं? ज्याला लाथ बसली तो खेळाडू, टचलाइनवर हात उडवणारा कोच, की रेफरीला मार्क देणारा निरीक्षक? मी ख्रिस्ती आहे, त्यामुळे हा प्रश्न माझ्यापाशी पोचतो तेव्हा तो फक्त तंत्राचा राहत नाही. आपण भितो कोणाला, याचाही होतो.

पहिला निष्कर्ष जरा नीरस आहे. भीतीचा बराचसा भाग आध्यात्मिक नसतोच, तो जागेचा असतो. टॅकल, म्हणजे पायाने चेंडू हिसकावण्याचा प्रयत्न, तीस मीटरवर झालं आणि मधे दोन पाठी आल्या, तर पाय चेंडूला लागला की घोट्याला हे दिसतच नाही. मग डोळ्यांचं काम कान करू लागतात आणि जो जास्त ओरडेल त्याच्या बाजूने हात वर जातो. तेच टॅकल पंधरा मीटरवरून, बाजूच्या कोनातून, दोघांमधली फट दिसेल असं पाहिलं, तर आरडाओरडा आपोआप मागे पडतो. म्हणून सध्या सगळा भर डायगोनलवर, म्हणजे मैदानात तिरक्या रेषेत फिरण्यावर आहे : चेंडू मी आणि टचलाइनवरचा असिस्टंट रेफरी यांच्या मधे ठेवायचा, पण त्या काल्पनिक रेषेला चिकटून राहायचं नाही. पेनल्टी बॉक्सजवळ खेळ आला की रेषा सोडून आत घुसायचं. किक-ऑफआधी मी प्रार्थना करतो, पण प्रार्थनेने कोन मिळाल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

खरा प्रश्न उरतो तो स्वच्छ दिसलेल्या फाउलचा. जागा बरोबर, फाउल स्पष्ट, तरी हात जड. शेवटच्या काही मिनिटांतली, यजमान संघाविरुद्धची पेनल्टी म्हणजे याचा नमुना. इथे भीती फार हुशारीने वागते, ती नियमाचाच आडोसा घेते. दोन्ही हात पुढे करून ‘अ‍ॅडव्हांटेज’ (फाउल झाला तरी ज्याच्यावर झाला त्या संघाचा फायदा होतोय म्हणून खेळ चालू ठेवणं) दाखवलं की निर्णय दिल्यासारखंही दिसतं आणि द्यावाही लागत नाही. अ‍ॅडव्हांटेजमध्ये अपेक्षित फायदा काही सेकंदांत झाला नाही तर मागे येऊन मूळ फाउल द्यायचा असतो. ते मागे येणंच आपण टाळतो. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 25व्या अध्यायातला तिसरा दास आठवतो. धन्याने दिलेले पैसे त्याने उधळले नाहीत की चोरले नाहीत. भ्यायला आणि जमिनीत पुरून ठेवले, एवढंच. धन्याने मात्र ते सावधपणाच्या खात्यात धरलं नाही. रेफरीला दिलेला अधिकारही वापरण्यासाठीच असतो.

आता पिलात, येशूला वधस्तंभाची शिक्षा देणारा रोमी सुभेदार. शुभवर्तमानांतला तो भाग मी इतकी वर्षं वधस्तंभाकडे डोळे लावून वाचत आलोय, या वेळी मुद्दाम न्यायासनाकडे पाहत वाचला. लूकाच्या वृत्तांतात पिलात एकदा नव्हे, तीनदा सांगतो की या माणसात मला दोष सापडत नाही. म्हणजे दिसण्यात चूक नव्हती. जागा उत्तम, पुरावा समोर, निर्णय तोंडाने उच्चारलेला. मग जमाव ओरडतो, ‘याला सोडलंस तर तू कैसराचा (रोमी सम्राटाचा) मित्र नाहीस’ अशी धमकी येते, आणि शुभवर्तमानकार मार्क लिहितो की लोकांना खूश करण्यासाठी त्याने शिक्षा फर्मावली. हात धुतल्याने निर्णय दुसऱ्याचा झाला नाही. आपल्याकडे धोका इतका मोठा नाही, फार तर शिव्या पडतील, मार्क कमी होतील. पण मनाची घसरण त्याच वाटेने होते.

यावर सर्वांत उपयोगी ओळी मला नव्या करारात नाही, जुन्या करारात सापडल्या. ‘दुसरे इतिहास’ या पुस्तकाच्या 19व्या अध्यायात यहोशाफाट राजा नगरोनगरी न्यायाधीश नेमतो आणि त्यांना बजावतो की तुम्ही माणसांच्या वतीने नाही, परमेश्वराच्या वतीने न्याय करताय, त्याचं भय तुमच्यावर असू द्या. भिऊच नका, असं तो म्हणत नाही. उत्तर कोणाला द्यायचंय ते तो पक्कं करून टाकतो. ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात मोशेही न्यायाधीशांना तेच सांगतो : लहानाचं आणि मोठ्याचं सारखंच ऐका, कोणाच्या तोंडाकडे पाहून घाबरू नका. ‘निर्गम’ या पुस्तकाच्या 23व्या अध्यायात तर आपल्या छंदासाठीच लिहिल्यासारखी दोन वचनं लागोपाठ आहेत. एकात बहुमताच्या मागे लागून न्याय विपरीत करू नको, आणि लगेच पुढे, गरिबाच्या खटल्यात त्याची तरफदारीही करू नको. दुसरं मला जास्त बोचलं. चार गोलांनी मागे पडलेल्या संघाला एखादी हलकी फ्री किक देऊन टाकणं, किंवा आधीचा वादग्रस्त निर्णय ‘बरोबरीत’ आणायला पुढचा दुसऱ्या बाजूने देणं, हे दयाळूपणाच्या वेषातलं भ्यालेपण आहे असं आता माझं मत झालंय.

पण एक सावधगिरी, खास करून माझ्यासारख्या श्रद्धाळू रेफरींसाठी. ‘मी फक्त देवाला भितो’ हे वाक्य मैदानावर फार लवकर उर्मट होतं. असिस्टंट झेंडा हलवतोय आणि साहेब पाहायलाच तयार नाहीत, याला धैर्य म्हणत नाहीत. फुटबॉलच्या नियम 5 (रेफरीबद्दलचा) प्रमाणे खेळ पुन्हा सुरू होण्याआधी निर्णय बदलता येतो, एकदा सुरू झाला की नाही. त्या मधल्या काही सेकंदांत थांबून ऐकायला वेगळंच धाडस लागतं. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात प्रेषित पौल भित्रेपणाच्या आत्म्याच्या विरुद्ध तीन गोष्टी ठेवतो : सामर्थ्य, प्रीती आणि संयम. खेळाडूंच्या शिबिरांत हे वचन नेहमी सामर्थ्यापाशी थांबतं. रेफरीला खरी गरज उरलेल्या दोघांची असते. कार्ड रागाने फेकलं की ते शिक्षा कमी आणि बदला जास्त वाटतं.

सरावात उतरवलेल्या गोष्टी मोजक्याच आहेत. गोलची उघड संधी हिरावल्याची शंका आली की कोचकडे मान वळायच्या आत चार प्रश्न : गोलपासून अंतर, खेळाची दिशा, चेंडूवर ताबा मिळण्याची शक्यता, बचावपटूंची संख्या आणि जागा. डोकं कामात गुंतलं की भीतीला जागा कमी उरते. टॅकलच्या बाबतीत निष्काळजी, बेदरकार आणि अतिबळ ही शिडी मनात आधीच लावून ठेवायची : पहिल्याला नुसता फाउल, दुसऱ्याला यलो, तिसऱ्याला रेड. आणि वाद घालायचा तर कॅप्टनने, बाकीच्यांना शांतपणे दूर.

नियम बनवणाऱ्यांनाही आपल्या भीतीची कल्पना असावी. गोलकीपरने सहा सेकंदांपेक्षा जास्त चेंडू धरला तर बॉक्समध्ये इनडायरेक्ट फ्री किक (जिच्यावरून थेट गोल करता येत नाही), हा नियम कितीतरी वर्षं पुस्तकात होता आणि जवळजवळ कोणीच तो वाजवत नव्हतं. शिक्षा इतकी अवघड जागी की सगळे दुसरीकडे बघायचे. 2025–26 पासून मर्यादा आठ सेकंद झाली, शेवटचे पाच हात वर करून बोटांनी मोजायचे, आणि उशीर झाला तर विरुद्ध संघाला कॉर्नर. गोलकीपरला आधीच समोर दिसतं, मलाही अचानक कोणावर कोसळावं लागत नाही.

पुढच्या टप्प्यासाठी घेतलंय ते कॉर्नरच्या वेळची ओढाताण. चेंडू खेळात येण्याआधी शर्ट धरले तर फाउल देता येत नाही, समज किंवा कार्ड देता येतं. म्हणजे किक घ्यायच्या आत थांबवून, दोघांना नावाने नाही तर नंबराने बोलावून, स्पष्ट सांगावं लागतं. उभं कुठे राहायचं हे अजून ठरत नाहीये : गोलरेषेच्या जवळ गेलं की धरपकड दिसते, पण काउंटर अटॅक निसटतो. तुमच्यापैकी कोणी बॉक्सच्या कोपऱ्याबाहेरून हे नीट हाताळत असेल तर नेमकी जागा सांगा.