नेदरच्या पोटात, वाय १५ वर

माइनक्राफ्ट या ब्लॉकच्या व्हिडिओ गेममधलं पाताळ म्हणजे नेदर. तिथे होकायंत्राचा उपयोग शून्य. काटा नुसता गरगरत राहतो, घड्याळाचीही तीच गत, आणि बादलीतलं पाणी ओतायला जावं तर चर्र होऊन त्याची वाफ होते. म्हणून पोर्टलमधून आत पाऊल टाकलं की मी आधी कोऑर्डिनेट्स, म्हणजे जागेचे आकडे, लिहून ठेवतो. इथलं एक ब्लॉक म्हणजे वरच्या जगातले आठ. जरा भरकटलं तरी परतीची वाट लांब पडते.

मी चाललो होतो एन्शन्ट डेब्री नावाचं दुर्मिळ खनिज शोधायला. जून २०२० मध्ये १.१६ आवृत्ती आली आणि डायमंडच्या डोक्यावर नेदराइट हा त्याहून मजबूत धातू येऊन बसला. तो बनतो या डेब्रीपासून. सोबत भाचा होता. वयाने लहान, पण नेदरचा जुना जाणकार. निघतानाच त्याने बजावलं, "मामा, पायात सोन्याचे बूट घाल. नाहीतर पिगलिन सोडणार नाहीत." पिगलिन म्हणजे नेदरमधली डुकरासारखी माणसं. अंगावर सोन्याची एक वस्तू दिसली तरी ती वाटेला जात नाहीत. मात्र त्यांच्यादेखत सोनं खणलं किंवा पेटी उघडली, की सगळी ओळख संपली.

वाटेत क्रिमसनचं लालभडक जंगल लागलं, पुढे सोल सँडची दरी, तिच्यात महाकाय सांगाड्यांच्या फासळ्या आणि वर तरंगणारे घास्ट नावाचे राक्षस. बघायला हे सगळं भारीच. पण डेब्री असं हिंडून मिळत नाही. ती उघड्या हवेला लागून तयारच होत नाही. चारी बाजूंनी खडकात गाडलेली असते. गुहा, कडे, लाव्ह्याचे धबधबे कितीही पालथे घाला, हाती क्वार्ट्झ लागेल.

तेव्हा खाली उतरायचं. डेब्री सर्वांत जास्त सापडते ती वाय १५ च्या आसपास (वाय म्हणजे उंचीचा आकडा), आणि लाव्ह्याचा समुद्र असतो वाय ३१ पर्यंत. म्हणजे आपण त्या समुद्राच्याही खाली बोगदा काढत असतो. खडकात लाव्ह्याचे दडलेले कप्पे असतात, आणि नेदरमधला लाव्हा वरच्यापेक्षा जास्त वेगाने आणि लांबवर वाहतो. आगीपासून वाचवणारं पोशन जवळ हवंच. रेडस्टोनची पूड घातलेलं ८ मिनिटं टिकतं, साधं ३.

खोदायच्या दोन तऱ्हा. एक, पिकॅक्स घेऊन सरळ बोगदा मारत जायचं. दुसरी, पलंग! नेदरमध्ये झोपायला गेलं की पलंगाचा स्फोट होतो, आणि तो टीएनटीपेक्षाही जोरदार असतो. नेदररॅकचा, म्हणजे तिथल्या लाल खडकाचा, भुगा होतो, डेब्रीला मात्र ओरखडाही नाही. भाचा पलंगवाला. बोगद्याच्या टोकाला पलंग टाकायचा, मध्ये एक ब्लॉक आडोशाला ठेवायचा आणि क्लिक. लोकर आणि फळ्या एवढाच खर्च, पण पलंग एकावर एक रचता येत नाहीत. प्रत्येकाला इन्व्हेंटरीत वेगळा खण लागतो. शिवाय दर धमाक्यानंतर आग लागते, कानठळ्या बसतात. मला पिकॅक्सच बरी वाटते. हळू जातं, पण समोर काय उघडतंय ते कळतं.

लाल खडकात अचानक तपकिरी ब्लॉक दिसला, वरच्या बाजूला चकलीसारखी वळणं. तिथे मी थबकलोच. आधी आजूबाजूचा खडक साफ केला, कारण एकाला लागून आणखी एक-दोन असण्याची शक्यता असते. डायमंडच्या पिकॅक्सनेही तो ब्लॉक फुटायला पाच सेकंदांहून जास्त लागतात, आणि खाणीतला माल वाढवणाऱ्या फॉर्च्युन या जादूचा काही उपयोग नाही. एका ब्लॉकमागे एकच. गंमत म्हणजे चुकून लाव्ह्यात पडला तरी तो जळत नाही.

घरी येऊन भट्टीत टाकला की एका डेब्रीचं एक स्क्रॅप. चार स्क्रॅप आणि सोन्याच्या चार विटा मिळून नेदराइटची एक वीट. ती वीट डायमंडच्या वस्तूला लावायची. एकेका वस्तूला एक, म्हणजे चार भागांच्या नखशिखांत चिलखताला सोळा डेब्री.

पूर्वी काम इथेच संपायचं. २०२३ च्या १.२० पासून वीट लावायच्या स्मिदिंग टेबलवर टेम्प्लेट नावाचा साचाही लागतो, आणि तो असतो बॅस्टियनच्या, म्हणजे पिगलिनच्या गढीच्या, पेट्यांमध्ये. या बदलावर खूप जण चिडले. मला तो आवडला. बोगद्यात डोकं खुपसून बसणाऱ्याला निदान एकदा तरी त्या काळ्या गढ्या बघाव्या लागतात, आणि तिथे सोन्याचे बूट पुरत नाहीत. कुऱ्हाड घेऊन फिरणारा पिगलिन ब्रूट बुटांकडे ढुंकूनही बघत नाही. खजिन्याची खोली असलेला बॅस्टियन सापडला तर टेम्प्लेट हमखास, पण पेट्या तळाशी, लाव्ह्याच्या वर.

तिथून एकच टेम्प्लेट घेऊन आलात तर लगेच वापरू नका. एकदा वापरला की गेला. आधी सात डायमंड आणि एक नेदररॅक लावून त्याची नक्कल करून घ्या. आम्ही ती केली आणि पहिली वीट पिकॅक्सला लावली. भाच्याला आधी तलवार हवी होती. त्यावरून तो अजून कुरकुरतोय.