जॉगिन्सचे कडे: आधी ओहोटीची वेळ, मग जीवाश्म

कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतात जॉगिन्सला पोचलो, तर किनारा गायब! फंडीच्या उपसागराचं गढूळ तांबूस पाणी थेट कड्याला भिडलेलं. चूक माझीच, भरतीची वेळ पाहिलीच नव्हती. इथे भरती-ओहोटीत तीन-चार मजल्यांचा फरक पडतो. तेव्हा वेळापत्रक आधी बघा, पाणी उतरत असताना खाली जा आणि चढू लागायच्या आत मागे फिरा. कड्याखालून वर यायच्या वाटा मोजक्याच.

पाणी ओसरेपर्यंत फॉसिल सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या जीवाश्मांच्या संग्रहालयात बसलो. जुन्या कोळसा खाणीच्या जागेवर ते बांधलंय. तिथले नमुने पाहिले नसते, तर खाली समोर असूनही काही दिसलं नसतं.

जवळपास १५ किलोमीटरचा हा कडा २००८पासून जागतिक वारसा आहे. थर तिरके, मधूनमधून कोळशाचे काळे पट्टे. बोट लावलं की काळं होतं. आणि अचानक एक झाड. आडवं पडलेलं नाही, ३१ कोटी वर्षांपूर्वी दलदलीत उगवलं तसंच उभं. माझ्या कमरेएवढं खोड, आत सगळा वाळूचा दगड आणि साल म्हणजे कोळशाचा पातळ पापुद्रा. अशाच एका पोकळ खोडात १८५२ साली चार्ल्स लायेल आणि विल्यम डॉसन या भूगर्भशास्त्रज्ञांना चिमुकली हाडं सापडली. पुढे डॉसनला मिळालेला हायलोनोमस हा सरड्याएवढा जीव हाडांवरून ओळखल्या गेलेल्या सर्वांत जुन्या सरपटणाऱ्या प्राण्यांपैकी एक. हे प्राणी खोडात पडून अडकले की वणव्यापासून लपायला शिरले, यावर अजून वाद आहे. मला दुसरं जास्त पटतं, कारण खोडांत जळक्या लाकडाचा कोळसाही मिळालाय.

हाडं आपल्याला दिसतील ही आशा सोडा. खोडं, मुळांचे ठिपकेदार तुकडे आणि नशीब असेल तर पायांचे ठसे शोधा. आर्थ्रोप्लुरा नावाच्या, माणसाहून लांब वाढणाऱ्या पैसा किड्याच्या नातलगाचे माग इथे मिळालेत.

हातोडी नेऊ नका. परवान्याशिवाय जीवाश्म उचलणं बेकायदा आहे, सुटा पडलेलासुद्धा. वेगळं काही दिसलं तर फोटो काढून सेंटरला दाखवा. बूट घट्ट पकडीचे हवेत, शेवाळलेल्या गोट्यांवर मी दोनदा आपटलो. डबा खायला कड्याच्या सावलीत मात्र बसू नका. आम्ही उठलो आणि पाचच मिनिटांत तिथे मूठभर दगड खडखडत आले.