पेटलेली मेणबत्ती वाकवू नये

मेणबत्तीने मेणबत्ती पेटवताना वाकायचं कुणी? पेटलेलीने सरळ राहायचं, न पेटलेलीने तिच्याकडे कलायचं. उलट झालं की वितळलेलं मेण आधी शेजाऱ्याच्या बाहीवर आणि मग फरशीवर. ईस्टरच्या आदल्या रात्री भाविकांच्या हाती मेणबत्त्या देताना एवढं एक सांगितलं, तरी दुसऱ्या दिवशीची निम्मी खरवड वाचते. उरलेली निम्मी मेण अडवणाऱ्या कागदी चकत्या विसरणाऱ्यांमुळे.

त्या सगळ्या छोट्या मेणबत्त्यांची आई म्हणजे पास्काची, म्हणजे ईस्टरची, मोठी मेणबत्ती. कॅथलिक नियम तिच्याबाबतीत काटेकोर आहे: मेणाचीच हवी, दरवर्षी नवी हवी, एकच हवी आणि चांगली मोठी हवी. प्लॅस्टिकच्या नळीत तेल भरून केलेली नकली मेणबत्ती चालत नाही. सोय म्हणून तीच बरी वाटते खरी. झिजत नाही, वाकत नाही. पण जी झिजतच नाही ती मरणातून उठलेल्या ख्रिस्ताची खूण कशी होणार?

चर्चबाहेर शेकोटी पेटते. लाकूड दमट असलं की धूर होतो, आणि घाईघाईने रॉकेल ओतलं की त्याचा वास पुढच्या दोन तासांच्या गायनात मिसळतो. मग धर्मगुरू मेणबत्तीवर क्रूस कोरतात: आधी उभी रेघ, मग आडवी. वर अल्फा, खाली ओमेगा. ग्रीक वर्णमालेतलं पहिलं आणि शेवटचं अक्षर, म्हणजे आदी आणि अंत. क्रूसाच्या चार कोनांत चालू वर्षाचे चार आकडे. मग धुपाचे पाच खडे, येशूच्या पाच जखमांचे: दोन हात, दोन पाय, एक कूस. क्रूस फार वर कोरू नये. आकडे वर्ष संपण्याआधीच वितळून जातात.

शेकोटीवरून वात पेटवताना वारा असला तर मध्ये एक काडीसारखी बारीक मेणबत्ती लागतेच. मग अंधाऱ्या चर्चमध्ये पास्काची मेणबत्ती एकटी शिरते. वाटेत तीनदा थांबून ‘ख्रिस्ताचा प्रकाश’ अशी घोषणा होते, लोक ‘देवाला धन्यवाद’ म्हणतात. दिवे सगळे बंद हवेत. एखाद्या बाकावर उजळलेला मोबाइल त्या अंधाराचा पार विचका करतो. अंधार पडण्याआधी हा विधी सुरू करायचा नाही, असा नियम आहे. पूर्वी कित्येक शतकं तो शनिवारी सकाळीच उरकला जाई. लख्ख उन्हात ‘हीच ती रात्र’ असं गायचं! १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी तो पुन्हा रात्री करण्याची मुभा दिली.

त्यानंतर पन्नास दिवस, पेंटेकॉस्टच्या सणापर्यंत, ती वेदीजवळ जळते. आता खरी कसोटी. पहिल्याच वेळी जाड मेणबत्ती थोडा वेळ पेटवून विझवली, तर वातीभोवती खड्डा पडतो, वात खोल जाते आणि पुढे आपल्याच मेणात बुडून गुदमरते. म्हणून पहिल्यांदा वितळलेलं मेण कडेच्या जवळ पोचेपर्यंत जळू द्यावी. ती लांबलेली रात्र इथे कामी येते. विझवल्यावर मेण मऊ असतानाच कड अंगठ्याने आत दाबावी. पुढच्या वेळी वात अर्धा सेंटीमीटर ठेवून कापावी, नाहीतर काजळी धरते. पंखा थेट वर असेल तर एक बाजू आधी ओघळते. आणि फुंकर? मुळीच नाही. पितळी टोपीने विझवावी, फुंकरीने मेणाचे शिंतोडे उडतात.

पेंटेकॉस्टनंतर तिचा मुक्काम बाप्तिस्म्याच्या कुंडाजवळ. बाप्तिस्मा झालेल्या बाळाची छोटी मेणबत्ती तिच्यावरच पेटवून पालकांच्या किंवा धर्ममातापित्यांच्या हाती देतात. ती घरी जपून ठेवावी, दर वाढदिवसाला पेटवावी, असा मानस असतो. बहुतेकदा ती कपाटात इतकी जपली जाते की पुन्हा सापडत नाही.

अंत्यविधीला तीच मोठी मेणबत्ती शवपेटीजवळ आणून ठेवतात. पेटीवर पांढरं वस्त्र, पवित्र पाण्याचं शिंपण. सगळं बाप्तिस्म्याची आठवण देणारं. ‘आत्मा अमर आहे’ एवढंच म्हणायचं असतं तर देहाचे इतके सोपस्कार कशाला? पण श्रद्धा आहे ती देहाच्या पुनरुत्थानावर. म्हणूनच १९६३ मध्ये दहनाला परवानगी मिळाली, तरी रक्षा विखुरू नये, पवित्र जागी ठेवावी, हे व्हॅटिकनच्या २०१६ च्या सूचनेत पुन्हा बजावलं गेलं.

ईस्टरनंतर लवकर गेलेल्या माणसाजवळ ही मेणबत्ती उंच, ताजी उभी असते. जानेवारीत गेलेल्याच्या वाट्याला गेल्या सालचे आकडे येतात. तोवर ती बरीच आखूड झालेली असते, आणि क्रूस वर कोरला गेला असेल तर त्यातला अल्फा कधीच जळून गेलेला. ओमेगा तेवढा उरलेला, आणि वर ज्योत.