उत्तर ठाऊक असताना थांबलेले अडीच तास

सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी एका नव्या सदस्येचा पहिला प्रश्न आला. त्याचे अचूक उत्तर मला ठाऊक होते, आणि तरीही मी ते पूर्ण लिहिले नाही. या गोष्टीला आता दोन महिने होतील. मी केले ते योग्य होते की नाही याचा निवाडा माझ्या मनात अजून झालेला नाही, म्हणून घडले ते क्रमाने लिहून काढत आहे.

जुने यांत्रिक फिल्म कॅमेरे वापरणाऱ्या आणि जमेल तेवढे घरीच दुरुस्त करणाऱ्या लोकांचा एक ऑनलाइन समुदाय मी सांभाळते. छायाचित्रणाचे साहित्य विकणारी एक कंपनी त्याचा खर्च उचलते आणि मला पगार देते. या कामात दिवसभर भांडणे सोडवावी लागत असतील, असे बाहेरच्यांना वाटते. प्रत्यक्षात भांडण महिन्यातून एखादे होते. उरलेला बहुतेक वेळ कोण बोलेनासे झाले आहे, याकडे लक्ष ठेवण्यात जातो.

कंपनीला दरमहा जो अहवाल पाठवायचा असतो, त्यात दोन आकडे ठळक असतात: सक्रिय सदस्यांची संख्या आणि प्रश्नाला पहिले उत्तर मिळेपर्यंत लागणारा सरासरी वेळ. ‘सक्रिय’ या शब्दाखाली नुसते डोकावून जाणारेही मोजले जात असल्यामुळे पहिल्या आकड्यावर माझा कधीच विश्वास बसला नाही. माझ्या वहीत मी वेगळ्या नोंदी ठेवते. आठवड्याभरात किती निरनिराळ्या माणसांनी दुसऱ्याच्या प्रश्नाला उत्तर दिले, पहिल्यांदा लिहिणाऱ्यांपैकी किती जण महिन्याच्या आत पुन्हा लिहिते झाले, आणि मी हात न लावता किती प्रश्न सुटले, या तीन गोष्टींवरून समुदायाची प्रकृती कळते, असे माझे अनुभवाने झालेले मत आहे. गेले वर्षभर अहवालातले दोन्ही आकडे उत्तम होते आणि माझ्या वहीतला पहिला आकडा महिन्यागणिक खाली येत होता.

याचे कारण मला माहीत होते आणि ते उच्चारायला अवघड होते. आमच्याकडे एक ज्येष्ठ सदस्य आहेत. आयुष्यभर कॅमेरे उघडून जोडलेला माणूस. प्रश्न पडला की दहा-पंधरा मिनिटांत त्यांचे उत्तर येई, आणि तेही असे परिपूर्ण की पुढे कोणी काही लिहिण्याचे कारणच उरत नसे. शटरची गती मंद का होते, आरशाजवळचा फोम वर्षांनी चिकट होऊन कसा विरघळतो, कोणता स्क्रू उलट्या आट्यांचा असतो, हे सारे ते छायाचित्रांसह, संयमाने, एकदाही कोणाचा अवमान न करता लिहीत. पहिल्या उत्तराचा सरासरी वेळ कमी दिसायचा तो एकट्या त्यांच्यामुळे, आणि कंपनीने त्यांचा गौरवही केला होता. मी एकदा बैठकीत म्हटले की उत्तर देणारी माणसे कमी होत चालली आहेत. उत्तरे तर वेळेवर मिळत आहेत, मग अडचण काय, असे मला विचारण्यात आले आणि विषय तिथेच संपला. आकड्याला लक्ष्य बनवले की तो मोजमाप म्हणून निकामी होतो, हा अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या १९७५ मधल्या निरीक्षणावरून रूढ झालेला नियम आमच्या वरिष्ठांच्या कानावर कधी गेला नसावा.

शंभरातले नव्वद जण फक्त वाचतात, नऊ जण अधूनमधून लिहितात आणि बरेचसे लेखन उरलेल्या एकाच्या हातून होते, हे संकेतस्थळांच्या वापराचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००६ मध्ये मांडलेले ढोबळ प्रमाण आमच्या क्षेत्रात सगळ्यांना पाठ असते. ते निसर्गनियमासारखे सांगून माणसे हात झटकतात, याचा मला मनापासून राग येतो. त्या नव्वदांमध्ये वर्षानुवर्षे वाचून पुष्कळ शिकलेली माणसे असतात आणि त्यांना बोलायला जागा हवी असते. शिकण्याच्या प्रक्रियेचे अभ्यासक जीन लेव्ह आणि एतिएन वेंगर यांनी १९९१ मध्ये शिकाऊ कारागिरांविषयी जे लिहिले, त्यात पश्चिम आफ्रिकेतल्या शिंप्यांचे उदाहरण आहे. तिथला नवशिका कापड बेतण्यापासून सुरुवात करत नाही; तो आधी तयार होत आलेल्या कपड्याला गुंड्या लावतो, कडा दुमडून शिवतो, आणि तसे करता करता पूर्ण कपडा त्याच्या हातात येतो. आमच्या समुदायात उस्ताद इतके तत्पर होते की गुंडीसुद्धा कोणासाठी शिल्लक राहत नव्हती.

त्या दिवशी ते नव्हते. डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी चार दिवस येणार नाही, असे त्यांनी मला आदल्या रात्री कळवले होते.

नव्या सदस्येचा प्रश्न असा होता: बहिणीच्या बाळाची पहिल्या महिन्यातली छत्तीस छायाचित्रे एका रिळावर आहेत. रीळ संपले, पुढे ओढण्याचा दांडा अडकला. फिल्म मागे गुंडाळण्यासाठी वरची लहान मूठ फिरवली, तर तीही घट्ट झाली आहे. आता मागचे झाकण उघडून फिल्म हाताने गुंडाळावी का?

कॅमेरा वापरणाऱ्याला यातला धोका लगेच कळेल. डेव्हलप न झालेल्या फिल्मवर उजेड पडला, तर वरच्या वेटोळ्यांवरची चित्रे पहिल्याच क्षणी जातात. दुसरीकडे, मूठ घट्ट झाली असताना जोर लावला, तर कडेच्या भोकांपाशी फिल्म फाटते. उपाय साधा आहे: बहुतेक जुन्या कॅमेऱ्यांच्या तळाशी एक छोटे, खोलगट बटण असते, ते दाबल्यावर दातेरी चाक मोकळे होते आणि फिल्म अडथळ्याविना मागे येते. मला हे लिहायला दोन मिनिटे पुरली असती.

मी एवढेच लिहिले: “झाकण उघडू नका आणि मुठीवर जोर लावू नका. फिल्म सुरक्षित आहे. असे ज्यांच्या बाबतीत घडले आहे, ते पुढचे सांगतील.”

आणि थांबले. पहिला तास कोणीही लिहिले नाही. प्रश्न वाचणाऱ्यांचा आकडा मात्र माझ्या पडद्यावर वाढत होता. चाळीस, साठ, नव्वद. माणसे येत होती, वाचत होती, आणि सवयीने त्या ज्येष्ठांची वाट पाहून परत जात होती, हे मला त्या आकड्यांतून जवळजवळ ऐकू येत होते. अकरा वाजता त्या बाईंनी पुन्हा लिहिले, “कोणी आहे का?” त्या तीन शब्दांनी मला फार अस्वस्थ केले. एलिझाबेथ जॉइस आणि रॉबर्ट क्राउट यांनी यूजनेट या इंटरनेटवरच्या जुन्या चर्चा-जाळ्यातल्या ६ गटांचा अभ्यास करून २००६ मध्ये दाखवून दिले होते की पहिल्या संदेशाला प्रतिसाद मिळालेला माणूस पुन्हा लिहिण्याची शक्यता अधिक असते, आणि त्या प्रतिसादाने प्रश्न सुटला की नाही याने त्यात विशेष फरक पडत नाही. माझ्या तीन ओळी प्रतिसाद ठरत होत्या की टाळाटाळ, हे मी स्वतःला विचारत होते. बारा वाजेपर्यंत कोणी आले नाही, तर पूर्ण उत्तर द्यायचे, असे मी ठरवले. बारा वाजले, आणि मी आणखी अर्धा तास स्वतःला वाढवून दिला. माझ्या वागण्यातला हा भाग मला सर्वांत जास्त खुपतो.

बारा वाजून पंचेचाळीस मिनिटांनी दोन वर्षे केवळ वाचत असलेल्या एका सदस्याने आयुष्यातले पहिले उत्तर लिहिले. तळाच्या बटणाची माहिती त्याने बरोबर दिली, पण बटण दाबूनही मूठ घट्ट लागली तर थोडा जोर लावावा, असे चुकीचे जोडले. त्या चुकीने दुसऱ्या सदस्येला बोलते केले. जोर अजिबात लावू नका, माझी फिल्म अशीच फाटली होती, असे तिने कळवळून लिहिले. तिसऱ्याने कॅमेऱ्याच्या तळाचे छायाचित्र मागितले आणि धुळीने भरलेल्या बटणावर खूण करून ते परत पाठवले. पेन्सिलीच्या मागच्या टोकाने दाबून धरा, असे सुचवले. चौथ्याने सांगितले की याने जमले नाही, तर रात्री खिडकी नसलेल्या खोलीत, दाराच्या फटी कापडाने बुजवून, दहा मिनिटे डोळे सरावू द्यावेत आणि कुठूनही उजेड दिसला नाही तरच झाकण उघडावे. दीड वाजता बाईंनी लिहिले की मूठ हलकी फिरू लागली आहे. फिरवता फिरवता ती एकदम मोकळी झाली की रीळ आत गेले, हे त्यांना तिघांनी एकाच वेळी सांगितले.

संध्याकाळपर्यंत तिथे एकोणीस माणसे बोलली होती आणि त्यातली सात मी पूर्वी कधीही पाहिली नव्हती. प्रत्येकाकडे एक वाया गेलेले रीळ होते आणि ते कोणालातरी सांगायचे राहून गेले होते. इतका जिवंत दिवस आमच्याकडे वर्षभरात झाला नव्हता. माझ्या अहवालात मात्र त्या दिवसाची नोंद पहिले खरे उत्तर मिळायला सर्वाधिक वेळ लागलेला दिवस अशी झाली, आणि त्याबद्दल माझ्याकडे लेखी खुलासा मागण्यात आला.

ज्येष्ठ सदस्य पाचव्या दिवशी परतले. त्यांनी सगळे वाचले आणि मला खासगीत लिहिले: “तुम्हाला उत्तर ठाऊक होते. समोरचे माणूस घाबरलेले होते. मग थांबलात कशासाठी?” मी लांबलचक स्पष्टीकरण दिले, वहीतले आकडे, शिंप्यांच्या गुंड्या, सगळे. साध्या प्रश्नांना एक दिवस तरी इतरांसाठी सोडावे आणि चुकीची उत्तरे तेवढी दुरुस्त करावीत, अशी विनंतीही केली. त्यांनी “ठीक आहे” एवढेच उत्तर पाठवले, आणि त्यानंतर लिहिणे जवळजवळ थांबवले.

आता उत्तर देणारी माणसे वाढली आहेत. गेल्या महिन्यात मात्र एका नव्या मुलाला कोणीतरी चिकटलेल्या शटरच्या पात्यांवर तेलाचा थेंब टाकायला सांगितले. ती पाती पूर्ण कोरडी असावी लागतात. तेल पसरले आणि चालू शकला असता असा कॅमेरा कायमचा अडकून बसला. पूर्वी हा सल्ला पाच मिनिटेही टिकला नसता. मी त्या रात्री झोपले होते, आणि ज्येष्ठ सदस्यांनी तो वाचला होता की नाही, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

त्यांच्या नावापुढचा हिरवा ठिपका रोज सकाळी साडेसहाला दिसतो आणि तासाभराने जातो. काल मी त्यांना फोन करायचे ठरवले होते. मी काय बोलणार आहे, ते आधी कागदावर उतरवायला बसले आणि तिसऱ्या वाक्यापाशी माफी मागावी की पुन्हा तीच विनंती करावी, हे ठरेना, म्हणून कागद तसाच ठेवला आहे.